काट्यावरची दहा वर्षं

[लालबाग. चाळीतली खोली, दुसरा मजला. ओट्यावर छोटा डिजिटल काटा.]

हा काटा सुनेने केकसाठी घेतलाय. आज त्याच्यावर पंचनामा होणार आहे.

काका निवृत्त हवालदार. नोकरीची शेवटची वर्षं अमली पदार्थांच्या केसेसमध्ये गेली. किती झडत्यांना उभे राहिलात, असं विचारलं तर हसतात. ‘झडत्या नाही मोजल्या. माल मोजला.’

[बरणीतून मीठ. चमचा. पुडी.]

हे मीठ नाही, एमडी आहे असं समजू. मेफेड्रोन, नशेची कृत्रिम पूड. रस्त्यावरचं नाव म्याव म्याव. २०१५च्या फेब्रुवारीपर्यंत ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, यादीतही नव्हतं.

आधी अंगझडती. पण त्याच्याही आधी समोरच्या माणसाला सांगावं लागतं, की ही झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेतली जावी, हा तुझा हक्क आहे. कलम ५०. काका हे वाक्य एका दमात म्हणतात, बेस्टचा कंडक्टर ‘पुढे सरका, पुढे मोकळं आहे’ म्हणतो त्या चालीत. एवढं वाक्य नीट बोललं गेलं नाही म्हणून केस कोसळलेल्या आहेत. मात्र हक्क अंगझडतीपुरता. हातातल्या पिशवीला तो लागू नाही.

[मेणबत्ती. लाखेची कांडी. पितळी शिक्का.]

मग दोन पंच. प्लास्टिकची पिशवी, त्यावर खाकी पाकीट, पाकिटावर लेबल, लेबलावर पंचांच्या सह्या, आणि दोऱ्याच्या गाठीवर लाख. लाख नुसती वितळवून चालत नाही. थेंब पडला की थोडं थांबायचं, मग शिक्का टेकवायचा. घाई केली तर अक्षरं फिसकटतात, उशीर केला तर उमटतच नाहीत. फिसकटलेल्या शिक्क्यावर बचावाचा वकील कोर्टात अर्धा तास काढू शकतो, आणि त्याने काढावाच. पुढे मुद्देमालाच्या नोंदी होतात, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर प्रमाणित होतात, आणि तपासणीला कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. प्रत्येक टप्प्यावर शिक्का तोच आहे ना, हे पाहिलं जातं.

‘अहो, ओट्यावर लाख नको. निघत नाही ती.’ हा आवाज काकूंचा.

[काट्याचा आकडा जवळून: १०.]

पुडीत १० ग्रॅम. कायद्याच्या कोष्टकात एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅम. आपली पुडी मधे बसते. शिक्षा १० वर्षांपर्यंत. ‘पर्यंत’ या शब्दात न्यायाधीशाला बसायला जागा आहे. वय बघा, घर बघा, पहिलाच गुन्हा आहे का बघा, आणि ठरवा.

[मैद्याचा डबा उघडतो.]

आता काका त्यात मैदा घालतात. मीठ तेवढंच.

[आकडा वाढतो. ३०. ४४. ५१ वर थांबतो.]

५१. किमान १० वर्षं, कमाल २०, दंड किमान १ लाख. ‘पर्यंत’ गेला, ‘किमान’ आला.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की मोजायचा तो अस्सल पदार्थ. २०२० साली हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी ते फिरवलं. आता भेसळीसकट अख्खी पुडी काट्यावर. त्यांचं कारण साधं आहे. रस्त्यावर अस्सल माल विकला जातच नाही, मिसळलेलाच जातो, आणि माणसाला तोच जास्त मारतो. कारण पटण्यासारखं आहे. तरी आत्ता या ओट्यावर जे वाढलं तो मैदा होता.

गांजाचं कोष्टक आणखी चमत्कारिक. व्यावसायिक प्रमाणाची रेषा २० किलोवर. पण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. सुटी पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पोतं जप्त होतं ते काड्या, पानं, माती, सगळ्यासकट. वेगळं करून तोललं नाही, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जामीन मिळालेले आहेत. (आणि महाशिवरात्रीची भांग? ती पानांची. या कायद्यात येतच नाही.)

[ओव्हल मैदान. शनिवारचं क्रिकेट. मागे उच्च न्यायालयाची इमारत.]

हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ला लागू झाला. १९८९ साली तो आवळला. जामीन कठीण झाला, शिक्षेतली सूट बंद झाली, आणि ठरावीक वजनाच्या पुढे दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला फाशी. देता येईल असं नाही, द्यावीच लागेल. वजनाची आजची उतरंड त्यानंतर, २००१ साली आली.

त्या सक्तीखाली मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ साली एकाला फाशी सुनावली. माल चरस होता. प्रकरण या समोरच्या इमारतीत आलं. अमली पदार्थ वापरणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या एका जाळ्याने याचिका केली होती. १६ जून २०११ला उच्च न्यायालयाने निकाल दिला: सक्तीची फाशी घटनेच्या कलम २१मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसत नाही. कलम त्यांनी पुसून टाकलं नाही. ‘द्यावीच’ हा शब्द ‘देता येईल’ असा वाचायचा, एवढंच केलं. वाट जुनीच होती. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, हे दंड संहितेतलं कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच रद्द केलं होतं. २०१४ साली संसदेनेही अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून फाशी ऐच्छिक केली.

फाशीला जो न्याय मिळाला, तो १० वर्षांना मिळालेला नाही.

[सत्र न्यायालयाचा जिना. काळे कोट चढतात, उतरतात.]

कलम ३२ब वाचा. किमान शिक्षेच्या वर जायचं असेल तर न्यायाधीशाने काय पाहावं, याची तिथे यादी आहे. शस्त्र होतं का, आरोपी सरकारी पदावर होता का, लहान मुलं वापरली का, शाळेजवळ घडलं का, टोळी होती का, त्यातून दुसरे बेकायदा धंदे चालले का. सहा कारणं. खाली यायला एकही नाही. पोतं ज्याचं तो, आणि दोन हजार रुपयांसाठी ते कुर्ल्याहून वांद्र्याला नेणारा पोरगा, दोघांची सुरुवात १०पासून. पोतंवाला बहुधा जागेवर सापडत नाही. पोरगा सापडतो.

[आर्थर रोड तुरुंगाची बाहेरची भिंत. मुलाखतीची रांग. पिशव्या.]

आत कॅमेरा जात नाही. १९२६चा तुरुंग. क्षमता हजाराच्या आत, माणसं तिच्या कित्येक पट. व्यावसायिक प्रमाणात जामीन हवा तर आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, हे न्यायाधीशाला आधीच पटावं लागतं. खटला उभा राहण्याआधी. शिक्षा लागली की इतर कैद्यांना मिळते तशी सूटही नाही. जामिनाची ती अट म्हणजे कलम ३७. या रांगेतल्या बायकांना ते पाठ आहे. ‘सदतीस लागलंय’ म्हणतात, पोराला ताप आलाय म्हणावं तसं.

[मानखुर्द. एका बाईचे हात. मेथी निवडतेय.]

यांनी चेहरा दाखवायला नको म्हटलं. मुलगा नशामुक्ती केंद्रात, तिसऱ्यांदा. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सुटू शकतो, तशी तरतूद आहे. त्यांना ती आमच्याकडून कळली. विकणाऱ्याला किती शिक्षा असावी, असं विचारलं.

‘दहा कशाला? बाहेर सोडूच नका.’

[हात थांबत नाहीत. देठं एका बाजूला, पानं एका बाजूला.]

[पुन्हा लालबाग. ओटा.]

चित्रीकरण संपलं. पुडी तशीच, ५१ ग्रॅम. काका चमच्याने मीठ वेगळं करून बघतात. होत नाही.

‘आणा इकडे.’ काकूंनी लाख तोडली, पुडी परातीत उलटी केली, वर अर्धा किलो मैदा ओतला, ओवा, गरम तेलाचं मोहन. खाऱ्या शंकरपाळ्या.

काका काट्याकडे बघतात. ‘ठेवू का परात?’

‘ठेवा. तेवढंच राहिलंय.’