लोडरचा सिलिंडर : 5 सेंटीमीटरचा हिशोब

(दृश्य : शेणखताच्या ढिगात घुसलेलं बकेट, आर्म जागचा हलत नाही)

ट्रॅक्टरच्या लोडरचं बकेट भरलं, लिव्हर ओढला, इंजिन दबलं, पण आर्म उचलत नाही. अशा वेळी बहुतेक जण तेलाच्या दाबाने आर्म उचलणारा सिलिंडर मोठा आणायला निघतात. आधी टेप आणि गुण्या काढा.

शेणखतासकट बकेट 700 किलोचं, आर्म जिच्यावर फिरतो त्या मुख्य पिनेपासून 2.4 मीटरवर. आर्मचं वजन धरून भार होतो साधारण 1,800 किलो-मीटर (किलो गुणिले मीटर). सिलिंडर दोन, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 900. बकेट जमिनीवर ठेवा. सिलिंडरच्या दोन्ही पिनांच्या मध्यावरून दोरी ताणा आणि मुख्य पिनेपासून दोरीपर्यंत काटकोनात अंतर मोजा. 25 सेंटीमीटर भरलं, तर प्रत्येक सिलिंडरला 3,600 किलोचा जोर लागेल. 20 भरलं, तर 4,500.

गेजवर तेलाचा दाब 150 बार असताना 50 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर सुमारे 3,000 किलो रेटतो, 63 चा सुमारे 4,750. म्हणजे 63 पुरतो, पण ब्रॅकेट (सिलिंडरची पिन धरणारा तुकडा) 5 सेंटीमीटर चुकला, म्हणजे 25 चे 20 झाले, की हाताशी जवळपास काही उरत नाही. 80 चा उचलेल खरा. मात्र 50 सेंटीमीटर स्ट्रोकच्या (रॉड सरकण्याच्या लांबीच्या) जोडीला 3.1 ऐवजी 5 लिटर तेल लागेल. मिनिटाला 20 लिटर देणाऱ्या पंपावर 9 सेकंदांचं काम 15 सेकंदांवर जातं, आणि जादा जोर सोसावा लागतो पिनांना आणि आर्मला. त्यापेक्षा ब्रॅकेट सरकवणं केव्हाही बरं.

(जवळून : सिलिंडरचा रॉड)

ओरखडे एकाच बाजूला आहेत, पाहा. दोन टोकांच्या पिना समांतर नाहीत, म्हणून रॉड तिरका घासतोय आणि सीलमधून तेल गळतंय. नुसतं सील बदलून ही गळती थांबणार नाही.

ब्रॅकेट आधी फक्त टॅक करा, म्हणजे वेल्डिंगचे एक-दोन ठिपके द्या. आर्म चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) धरून खालून वरपर्यंत फिरवा. सिलिंडर कुठे अडतो का, होज (तेलाची नळी) ताणतो का, ते बघा. बकेट टेकल्यावरही पिस्टन तळाला लागता कामा नये; 10 मिलिमीटर स्ट्रोक शिल्लक हवा. मग सिलिंडर उतरवून ठेवा आणि त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग. ठिणग्यांचे थेंब रॉडच्या क्रोमवर चिकटले की तेच पुढे सील फाडतात.

जोडणी झाल्यावर रिकामं बकेट चार-पाच वेळा सावकाश वर-खाली करा, हवा निघून जाईल. मग बकेट जमिनीवर टेकवून ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी बघा. नव्या सिलिंडरांनी आणि होजांनी त्यातलंच तेल घेतलेलं असतं.