क्रियापद आधी, कर्म नंतर

(ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयात लिनक्स नव्याने शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पडद्यावर एक काळी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारा कर्सर एवढेच दिसते आहे, आणि 'आता याला सांगायचे तरी काय' हा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला इथूनही वाचता येतो. त्याचे उत्तर व्याकरणात आहे. या चौकटीला टर्मिनल म्हणतात, आणि टर्मिनलला दिलेली प्रत्येक कमांड हे एक आज्ञार्थी वाक्य असते. मात्र मराठीत क्रियापद शेवटी येते, येथे ते आरंभी येते. आपण 'ही फाइल तिकडे ने' असे म्हणतो, टर्मिनलला 'ने, ही फाइल, तिकडे' असे सांगावे लागते. क्रियापदानंतर आडवी रेघ देऊन जी अक्षरे लिहितात त्यांना ऑप्शन म्हणतात. ती क्रियाविशेषणे समजावीत. 'एलएस' म्हणजे यादी दाखव. त्यापुढे जागा सोडून रेघ आणि 'एल' लिहिले, की तीच यादी मालक, आकार आणि तारीख यांसह सविस्तर येते.

हे शब्द इतके तुटक का, असे कोणीतरी मघाशी विचारले. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सुरू केले, त्या काळात संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइपवरून, आणि कागदावर खडखडत छापणारे ते यंत्र सेकंदाला जेमतेम 10 अक्षरे उमटवत असे. तेथे वाचवलेले प्रत्येक अक्षर कामाचे होते. पुढे लिनस टोरवाल्ड्स यांचा 1991 चा लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने एकत्र आली, तेव्हा ही आखूड नावेही वारशाने आली.

पहिली कमांड 'पीडब्ल्यूडी'. हे नाव ऐकून आपल्याला रस्ते आणि खड्डे आठवतील, पण येथे तिचा अर्थ 'मी सध्या कोणत्या डिरेक्टरीत (म्हणजे फोल्डरमध्ये) उभा आहे ते छाप' एवढाच आहे. उत्तरादाखल जो मार्ग येतो तो पत्त्यासारखा असतो, फक्त उलटा. आपण पाकिटावर खोली क्रमांक, इमारत, गोखले रोड, नौपाडा, ठाणे असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. लिनक्स तिरक्या रेघेने दाखवलेल्या मुळापासून निघून शेवटी खोलीत शिरतो. 'सीडी' लिहून पुढे डिरेक्टरीचे नाव दिले की आपण आत जातो, आणि नावाऐवजी दोन टिंबे दिली की एक पायरी वर येतो. नाव पुरे टाइप करण्याची गरज नाही. दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबावी. त्याने श्रम वाचतातच, शिवाय 'पाणी बिल' अशा दोन शब्दी नावातली मोकळी जागा शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, स्वतःच सांभाळून घेतो, नाही तर त्या एका नावाची त्याच्या लेखी दोन नावे होतात.

मोकळ्या जागेचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगतो. आमच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते एका डिरेक्टरीत होती आणि त्यांत 'डॉट बॅक'ने संपणाऱ्या जुन्या प्रती साचल्या होत्या. तारका म्हणजे 'काहीही'. म्हणून 'आरएम', मग तारका, आणि तिला चिकटून 'डॉट बॅक' असे लिहायला हवे होते. मी तारकेनंतर एकदा स्पेसबार दाबला. वाक्याचा अर्थ झाला: सगळे पुसून टाक, आणि 'डॉट बॅक' नावाची फाइलही पुसून टाक. संगणकाने पहिली आज्ञा निमूटपणे पाळली आणि मग 'डॉट बॅक' नावाची फाइल सापडत नाही, एवढीच तक्रार केली. 'आरएम'ने पुसलेले कचरापेटीत जात नाही. त्या दिवसापासून मी तीच तारका आणि तेच शब्द आधी 'एलएस'पुढे लिहून यादी पाहतो, मग वरचा बाण दाबून मागची ओळ परत आणतो आणि त्या ओळीतले फक्त क्रियापद बदलतो.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. उभी रेघ म्हणजे पाइप. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून ती 1973 मध्ये युनिक्समध्ये आली. डावीकडच्या कमांडने जे दिले ते उजवीकडची कमांड घेते. 'प्रिंटएफ ठाणे' (म्हणजे 'ठाणे' हा शब्द छाप), मग उभी रेघ, मग 'डब्ल्यूसी' आणि 'सी' हा ऑप्शन, असे लिहून पाहा. 'डब्ल्यूसी' मोजणी करते, आणि उत्तर येते 12. 'सी'च्या जागी 'एम' दिला तर 4. आपल्याला मात्र दोनच अक्षरे दिसतात. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत: युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ठ, काना, ण आणि मात्रा ही चार स्वतंत्र चिन्हे आहेत, ती 'एम' मोजतो; आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन एकके, घेते, ती 'सी' मोजतो. मराठी मजकुराची लांबी मोजताना आपण नेमके काय मोजतो आहोत, हे एवढ्या एका ओळीत कळते; मी तरी ते याहून सोप्या रीतीने कोणाला समजावू शकलेलो नाही.

बाकीच्या कमांड पाठ करत बसू नका. 'मॅन' लिहून पुढे कोणत्याही कमांडचे नाव द्या, तिची पूर्ण माहिती उघडेल. त्या पानात अडकल्यासारखे वाटले तर कंट्रोल-सी दाबून उपयोग होत नाही. नुसता 'क्यू' दाबा, बाहेर याल.