तहान उन्हाची की साखरेची?

नमस्कार मंडळी. नवतपा तोंडावर आलाय आणि तुमच्यापैकी निम्मे लोक आत्ता कूलरसमोर बसून हे ऐकत असतील. पारा ४५ला टेकला की आपल्या नागपुरात लेकरू सारखं पाणी मागतं, मलूल होतं. ऊन लागलं म्हणून आपण पन्हं देतो, उसाचा रस पाजतो. बहुतेकदा ते बरोबरच असतं.

अशाच एका मे महिन्यात ७ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, एकटा पोरगा अख्खा माठ संपवते जी. वजनही उतरलं. अन् अंथरूण ओलं करनं सुटलं होतं, ते पुन्हा सुरू झालं.” मागून आजी बोलली, “मोरीत मुंग्या लागून रायल्या, ते सांग ना!”

लघवीत साखर उतरली की मुंग्या लागतात; निदान आजीनंच केलं होतं. बोट टोचून थेंब घेतला, तर मीटरवर आकडा आलाच नाही. नुसतं ‘हाय’ उमटलं. म्हणजे यंत्राला मोजता येते त्याहूनही जास्त साखर.

इथं एक खूण लक्षात ठेवा. उन्हानं अंगातलं पाणी आटलं, तर लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मूल घटाघटा पाणी पितंय आणि तरी लघवीला वारंवार, भरपूर जातंय, तर दोष उन्हाला देऊ नका. त्याच दिवशी साखर तपासा. अशी लक्षणं असताना कधीही घेतलेली साखर २०० किंवा जास्त निघाली, तर तो मधुमेहच. उपाशीपोटीच्या रिपोर्टसाठी उद्यापर्यंत थांबायचं नसतं. पोटात दुखतंय, उलट्या होताहेत, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतोय, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा. ‘पोट बिघडलं’ म्हणून उलटीचं औषध देऊन घरी ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती आठवण सुखाची नाही.

लहान मुलांचा हा मधुमेह, म्हणजे टाइप १, चॉकलेटनं होत नाही, आईच्या चुकीनं तर नाहीच. शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातल्या, साखर काबूत ठेवणारं इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं; त्याआधी अशी मुलं जगतच नसत. त्यामुळे कुणी काढा देऊन इंजेक्शन बंद करा म्हणालं, तर त्याला हात जोडा आणि घरी या.

दुसरी भीती इन्सुलिन टोचल्यावर साखर फार उतरण्याची. घाम, थरथर, उगाच चिडचिड, आणि मीटरवर ७०च्या खाली. शाळकरी मुलाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. संत्रा बर्फी तेव्हा कामाची नाही. खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात न्या. वर्गशिक्षिकेला हे सगळं आधीच सांगून ठेवा. लपवू नका, मुलगी असली तरी.

जाता जाता थायरॉईडचं. या मुलांमध्ये तोही बिघडलेला सापडतो, म्हणून अधूनमधून तपासावा लागतो. थायरॉईड मंदावला की उंची खुंटते, म्हणून एरवीही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीची रेघ मारत जा. ४ वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं; रेघ हलेनाशी झाली तर या.

त्या मुलाच्या घरी फ्रीज नव्हता. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, त्या आम्ही दवाखान्यात ठेवून घेतल्या. चालू बाटलीसाठी मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरायला सांगितली. आपला कूलर चालतो त्याच न्यायानं, कोरड्या हवेत ते छान गार राहतं. आजीनं विचारलं, “ह्या सुया कधी बंद होतीन?” मी म्हटलं, “नाही होणार, आजी.” त्या जरा वेळ गप्प बसल्या. आता रोज सकाळी माठ भरताना त्या वाळूवरही तांब्याभर पाणी ओततात.