चर्चिलच्या मागावर: ससून डॉक ते ब्लेडन

दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल, त्याच्याशी जोडलेल्या जागा बघायच्या म्हटलं की आपले लोक थेट लंडनचं तिकीट काढतात, पण मी म्हणेन सुरुवात कुलाब्याच्या ससून डॉकपासून करा. ऑक्टोबर १८९६ मध्ये हा बावीस वर्षांच्या आतला घोडदळातला पोरगा बोटीतून इथं उतरला. भिंतीला ओल्या पायऱ्या, धरायला लोखंडी कड्या, खाली लाटेवर वरखाली होणारी होडी. ह्याने घाईघाईत कडी धरली, तेवढ्यात होडी बाजूला सरकली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा आयुष्यभर नीट झाला नाही, पोलो खेळताना दंड पट्ट्याने बांधून ठेवावा लागायचा, आणि १८९८ ला सुदानमधे ओमदुर्मानच्या लढाईत सगळे तलवारी-भाले घेऊन घोडे पळवत असताना ह्याच्या हातात माउझर पिस्तूल होतं, ते ह्या खांद्यामुळेच. आज तिथं पहाटे मासळीचा लिलाव चालतो. कोळणींना चर्चिलशी काही देणंघेणं नाही आणि ते बरोबरच आहे.

पुढे पुण्याला थोडा मुक्काम, मग बंगलोर. बंगलोर क्लबच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपये थकबाकी आहे, लोक आवर्जून ती बघायला जातात. मला स्वतःला त्यात फार मजा वाटत नाही.

आता लंडन. एकच जागा बघायला वेळ असेल तर व्हाइटहॉलमधल्या चर्चिल वॉर रूम्स बघा. सरकारी इमारतीच्या तळघरातल्या, युद्धाचा कारभार चालवायच्या ह्या खोल्या ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तयार झाल्या, आणि ऑगस्ट १९४५ ला मॅप रूमचे दिवे बंद झाले. भिंतीवर अटलांटिकचा नकाशा आहे, जहाजांच्या ताफ्यांसाठी टाचण्या टोचून टोचून कागदाची पार चाळण झालीय. एका दाराला संडासाला असते तशी कडी, कर्मचाऱ्यांना वाटायचं साहेबांचं प्रायव्हेट टॉयलेट असेल, पण आत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी बोलायचा गुप्त फोन होता! कॅबिनेट रूममधे चर्चिलची लाकडी खुर्ची आहे, तिच्या हातांवर नखांचे आणि अंगठीचे ओरखडे आहेत, ते मात्र वाकून बघा, गाइडची वाट बघू नका. आणि एका टेबलाच्या खणात हवाई दलाच्या एका अधिकाऱ्याने पाकिटात लपवलेले साखरेचे तीन क्यूब निघाले, रेशनिंग होतं ना, तेही जपून ठेवलेत.

इथं मी जरा अडखळतो. साखरेचे तीन क्यूब सांभाळणारी ही जागा, आणि त्याच युद्धात १९४३ ला बंगालमधे वीस-तीस लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली. धान्य पाठवा म्हणून व्हाइसरॉय आणि भारतमंत्री अ‍ॅमरी मागे लागले होते, पण चर्चिलच्या वॉर कॅबिनेटने, म्हणजे युद्धकाळातल्या मंत्रिमंडळाने, जहाजं नाहीत म्हणत मागितलं त्यापेक्षा फारच कमी धान्य मंजूर केलं. कारणं बरीच होती, ब्रह्मदेश जपानकडे गेलेला, साठेबाजी, चक्रीवादळ, सगळं खरं. पण जहाजं कुठं पाठवायची हे ठरवणारी माणसं हीच होती. त्यामुळे जायच्या आधी घरी बसून बंगालचं थोडं वाचा, मग तो नकाशा बघा, आपल्याला ऑडिओ गाइडपेक्षा वेगळं काहीतरी दिसतं.

केंटमधलं चार्टवेल हे त्याचं घर निवांत आहे, चित्रांचा स्टुडिओ, स्वतः रचलेली विटांची भिंत, बाग. अर्धा दिवस पुरे.

राहिलं ऑक्सफर्डजवळचं ब्लेनहाइम. प्रचंड राजवाडा, १८७४ ला जन्म इथला, आणि १९०८ ला क्लेमेंटाइनला मागणी घातली तीही तिथल्याच बागेत. जवळच ब्लेडन गावात चर्चच्या आवारात साधी कबर आहे, जानेवारी १९६५ ला लंडनमधे एवढ्या मोठ्या सरकारी इतमामात अंत्यविधी झाला आणि शेवटी पुरलं आईवडिलांच्या शेजारीच. दोन्ही एका दिवसात आरामात होतात, फक्त ब्लेनहाइमला चांगलं सणसणीत तिकीट आहे आणि ब्लेडनला नाही, तेव्हा आपली मंडळी कुठं जास्त वेळ काढतील ते मी सांगायला नको.