दूधवाल्याची वही

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचंय ते घरातल्या त्या माणसाबद्दल, ज्याच्या खिशात म्हाताऱ्या माणसाचं एटीएम कार्ड असतं. पासबुक त्याच्याकडे, औषधांची पिशवी त्याच्याकडे, कपाटाची किल्लीही त्याच्याचकडे. बहुतेक घरांत हा माणूस चांगला असतो, दमलेला असतो आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण त्याच कार्डावर पेन्शन काढून तो स्वतःची मोटरसायकल फेडत असेल आणि म्हातारीला कोरा चहा पाजत असेल, तर काय करायचं? शेजारी म्हणतात, जाऊ दे, घरगुती मामला आहे. कायद्याला ते मान्य नाही.

मी महसूल खात्यात नोकरी केली आणि प्रांत कार्यालयात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जमिनीचे वाद, दाखले, पूर आला की पंचनामे, एवढंच तिथं चालतं असं लोकांना वाटतं. पण २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा आला आणि ही प्रकरणं प्रांतांकडे आली. वयाची ६० वर्षं पूर्ण झालेला कुणीही तिथं अर्ज करू शकतो. आई-वडिलांना तर वयाचीही अट नाही. लक्षात ठेवा, अर्ज कोर्टात नाही, प्रांतांकडे. पुन्हा सांगतो, प्रांतांकडे. साधा कागद चालतो. वकील लागत नाही. कायद्यात वकिलाला मनाईच लिहिली आहे. काही उच्च न्यायालयांनी पुढे ती सैल केली, तो भाग वेगळा.

आता अशाच एका सुनावणीची गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही.

एक आजी होत्या. नवरा शाळेत शिपाई होता, तो वारला, त्याचं कुटुंब निवृत्तिवेतन त्यांना मिळायचं. मूलबाळ नाही. दोन एकर बागायत आणि राहतं घर. शेजारच्या घरात सख्ख्या दिराचा मुलगा. लहानपणापासून काकू काकू करत मागे असायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा आजींनी कार्ड त्याच्याकडे दिलं, पिन नंबरही सांगितला. मग एक दिवस तालुक्याला नेऊन त्यानं दुय्यम निबंधकांपुढे बक्षीसपत्र करून घेतलं. घर आणि जमीन त्याच्या नावावर. यात जबरदस्ती काही नव्हती. आजी स्वतःच्या पायांनी गेल्या, येताना रसवंतीत रस पिऊन आल्या.

सातबाऱ्यावर फेरफार मंजूर होईपर्यंत सगळं गोड होतं. त्यानंतर आजींचं अंथरूण माजघरातून गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. पेन्शनचं विचारलं की, "काकू, बँकेचं मशीन बंद आहे." ते मशीन महिनोन्महिने बंदच होतं. आणि आजींचं दूध बंद झालं.

तक्रार केली ती दूधवाल्यानं. गावात भाऊबंद होते, भजनी मंडळ होतं, निवडणुकीत हात जोडून फिरणारेही होते. कुणाला काही दिसलं नाही. याचं कारण सांगतो. दूधवाला रोज पहाटे दारात येतो आणि आपण कसेही असलो तरी तसेच त्याच्यासमोर जातो. पिशवीचं दूध आल्यापासून घरातला एक साक्षीदार गेला, असं माझं मत आहे. पिशवी दाराच्या कडीला लटकते, तिला काही दिसत नाही. बरं, चवही नाही. साय म्हणजे काय, हे माझ्या नातवाला ठाऊक नाही. असो.

तर आजींचा रतीब बंद झाला, पण सवयीनं त्या पहाटे भांडं घेऊन बाहेर येऊन उभ्या राहायच्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, ऐकूही कमीच यायचं. दूधवाल्यानं काही दिवस आपल्याच पदरचं अर्धा लिटर घातलं. मग एके दिवशी पुतण्यानं पाहिलं आणि त्याला दम भरला, "डॉक्टरांनी तिला दूध वर्ज्य सांगितलंय, परत घालशील तर बघ." दूधवाल्यानं आजींची सही घेतली आणि तो आमच्या कार्यालयात आला. मोटरसायकलला किटल्या तशाच बांधलेल्या. कायद्यात ही सोय आहे. ज्येष्ठाला स्वतः येणं जमत नसेल, तर त्यानं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. अगदी कुणीच आलं नाही, तरी प्रांत स्वतःहून दखल घेऊ शकतात. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या वारसाच्या ताब्यात आहे किंवा पुढं ज्याला मिळायची आहे, तोही जबाबदार धरला जातो. म्हणजे पुतण्या सुटत नाही.

तेव्हा आमच्या प्रांत एक बाई होत्या. त्या कमी बोलायच्या. पुतण्या बक्षीसपत्राची झेरॉक्स घेऊन आला, एका ओळीवर पिवळा रंग मारलेला. "मॅडम, वाचा. प्रेमापोटी आणि कोणताही मोबदला न घेता. सांभाळायचं कुठं लिहिलंय?"

आणि तो बरोबर बोलत होता, हे मला तेव्हा टोचलं. कायद्याचं कलम २३ असं आहे की, मला सांभाळ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. पण तशी अट असायला हवी. त्या कागदावर अट नव्हती. मॅडम कागद उलटसुलट करत होत्या. आजी बाकावर बसल्या होत्या, काय चाललंय हे त्यांना ऐकू येत नव्हतं.

मागून दूधवाला म्हणाला, "लिहिलंय की मॅडम. माझ्याकडं लिहिलंय."

त्यानं पिशवीतून रतिबाची वही काढली. पूर्वी त्याला एका घरानं असं फसवलं होतं की, दूध आमच्या नावावर नव्हतंच, थोरल्याच्या नावावर होतं. तेव्हापासून त्याचा नियम होता की, खातं बदलायचं तर ज्याच्या नावावर जाणार त्यानं स्वतःच्या हातानं, कारणासकट लिहायचं आणि सही करायची. बक्षीसपत्र झालं त्याच आठवड्यातलं पान त्यानं उघडलं. त्यावर पुतण्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "काकूची जमीन माझ्या नावे झाली. काकूला सांभाळायचे माझ्याकडे आहे. दूध अर्धा लिटर माझ्या खात्यात धरणे." खाली झोकदार सही. काही पानं पुढं तेच अक्षर, "काकूचे दूध बंद." पुन्हा तशीच सही.

पुतण्या उसळला. "दूधवाल्याच्या वहीवर जमिनीचा निकाल लावणार काय? हा दुधात पाणी घालतो, सगळ्या गावाला माहीत आहे!"

दूधवाला शांतपणे म्हणाला, "घालतो. उन्हाळ्यात घालतो. पण वहीत पाणी घालत नाही."

कार्यालयात हशा पिकला. आमचा शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात तसाच उभा. मॅडमही हसल्या, मग त्यांनी पुतण्याला विचारलं, "अक्षर तुमचं आहे का, एवढंच सांगा." तो म्हणाला, "अक्षर माझंच आहे मॅडम, पण ते दुधापुरतं."

"दुधापुरतं" हे उत्तर मॅडमनी जसंच्या तसं नोंदवून घेतलं. ते मीच लिहिलं.

बक्षीसपत्र रद्द झालं, महिन्याची निर्वाहाची रक्कम लावली गेली आणि कार्ड तिथल्या तिथं परत घेतलं. पुतण्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अपिलात गेला, तिथंही हरला. मॅडमनी आजींना कानाशी जाऊन सांगितलं की, पेन्शनचे पैसे खाल्ले, हा विश्वासघाताचा वेगळा फौजदारी गुन्हा आहे, पोलिसांत द्या. आजी म्हणाल्या, "नको. पुढल्या महिन्यात त्याच्या पोरीचं लगीन आहे, मलाच हळद दळायचीय." मला विचाराल तर मी गुन्हा नोंदवला असता. लग्नाच्या आधी, पत्रिका वाटून झाल्यावर. पण मला कोण विचारतं.

आता मुद्द्याचं पटकन सांगतो, कारण वेळ गोष्टीतच गेला.

अट कागदावर लिहा. बक्षीसपत्रात लिहा, की मी हे सांभाळण्याच्या अटीवर देत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या डिसेंबरात स्पष्ट म्हटलं की, अशी अट होती हे दाखवता आलं नाही तर कलम २३ लागू होत नाही. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचा निकाल आला. तिनं २०१९ मध्ये मुलाला घर बक्षीस दिलं होतं आणि मुलानं वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं की, शेवटपर्यंत सांभाळीन. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं आईच्या विरोधात निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि सांगितलं की, हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ हात आखडून लावू नका. बक्षीसपत्र रद्द झालं. हा निकाल आमच्या त्या सुनावणीच्या वेळी हाताशी असता, तर मॅडमना कागद इतका उलटसुलट करावा लागला नसता. तरी दूधवाल्याच्या वहीवर विसंबू नका. अट कागदावर लिहा. आपल्या राज्यात मुलाला किंवा नातवाला राहतं घर, शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. स्वस्त पडतं म्हणून घाई करू नका. मी तर म्हणतो, मृत्युपत्र करा, ते जिवंतपणी बदलता येतं.

निर्वाहाची रक्कम कायद्यानं महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये आहे. आजच्या औषधांच्या भावात ती फार नाही, हे मान्य. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. आदेश मोडला तर वॉरंट निघतं आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. निकाल विरोधात गेला तर ज्येष्ठानं ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायचं. म्हाताऱ्या माणसाला देवळात, स्टेशनवर, दवाखान्यात कायमचं सोडून देण्याच्या इराद्यानं टाकून जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र गुन्हा आहे, पोलीस "नंतर या" म्हणू शकत नाहीत.

ज्येष्ठाला पार्किन्सनसारखा आजार असेल, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. दिव्यांग माणूस ज्याच्या ताब्यात आहे, त्यानं जाणूनबुजून अन्नपाणी तोडलं, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. हे कलम पोलीस ठाण्यात फारसं कुणाला आठवत नाही, तुम्ही आठवण करून द्या. कलम ९२.

लातूर जिल्हा परिषदेचंही सांगायला हवं. तिथं २०२० मध्ये ठराव झाला की, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातले ३० टक्के कापून आई-वडिलांच्या खात्यात टाकायचे. मला हे फार आवडलं. पगाराची तारीख आली की आई आपोआप आठवते.

कुलमुखत्यारपत्र कुणाला दिलं असेल आणि संशय आला असेल, तर ते रद्द करता येतं. नोंदणी केलेलं असेल तर रद्द करण्याचा दस्तही नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. तोंडी सांगून येऊ नका, पोच घ्या. पिन नंबर तर आजच बदला.

काचेपलीकडून मला खूण होतेय. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. नंबर लिहून घ्या. १४५६७. एक, चार, पाच, सहा, सात. पेन सापडलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा एकदा. एक, चार, पाच, सहा, सात. नमस्कार.