फोर्स फीडबॅक फुल ठेवताय? मग टायर काय सांगतोय ते कळणारच नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "दादा, व्हीलचा गेन किती ठेवू?" आणि त्याखाली कुणीतरी ठोकून दिलंय, "फुल ठेव, एकदम रिअल वाटतं." नाही वाटत! आजचा व्हिडिओ तेवढ्यासाठीच. नवीन मंडळींसाठी: रेसिंग गेमच्या स्टिअरिंग व्हीलमधली मोटर हाताला जो जोर देते तो फोर्स फीडबॅक, आणि तो किती ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग म्हणजे गेन.

बेसिक पटकन उरकतो. कंट्रोलर थरथरतो ते व्हायब्रेशन. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन असतं, मोटर फिरली की हाताला झिणझिण्या. १९९७ चा निन्टेंडोचा रंबल पॅक, सोनीचा ड्युअलशॉक, सगळे त्यातलेच. २०२० च्या ड्युअलसेन्समध्ये त्याजागी व्हॉइस कॉइल (स्पीकरमध्ये असते तशी हलणारी तारेची गुंडाळी) आली, म्हणून त्यात बारीक फरकही जाणवतात. स्टिअरिंग व्हीलमध्ये मात्र मोटर तुमच्या हाताविरुद्ध खरोखर जोर लावते. झालं बेसिक.

आता क्लिपिंग, म्हणजे व्हीलच्या ताकदीपलीकडचा जोर कापला जाणं. समजा, तुमचं व्हील जास्तीत जास्त २ न्यूटन मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) देतं. गिअरवाली स्वस्त व्हील्स साधारण तेवढीच देतात. वळणावर गेमने मागितले ३, मिळाले २. पुढच्या क्षणी मागितले २.५, मिळाले २. गाडीत फरक पडला, तुमच्या हाताला शून्य फरक.

"मग काय झालं, जोर तर लागतोय ना?" अशी एक कमेंट होती. अहो, हरवला तो फरकच तर कामाचा होता! वळणात टायरला पकड असते तोवर स्टिअरिंग जड होत जातं, आणि पुढची चाकं घसरायच्या जरा आधी ते हलकं व्हायला लागतं. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग मागच्या बाजूने आधी घसरतो, त्यामुळे बाजूच्या जोराचा मध्य पुढे सरकतो आणि स्टिअरिंग सरळ करणारी तरफ आखूड होते. ते हलकं होणं म्हणजे इशारा. क्लिपिंगमध्ये नेमका तोच कापला जातो.

अजून नाही पटलं? गणपतीत मंडळाचा स्पीकर फुल केला की आवाज फाटतो आणि गाण्यातला ढोल, ताशा, झांज सगळं एकच होतं. तसंच हे.

माझा मावसभाऊ पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून सारखा जा-ये करतो. त्याला माझ्याकडे फुल गेनवर बसवलं, तर म्हणाला, "जड आहे रे, पण गाडी काही बोलत नाही." गेन उतरवला आणि पुढच्याच लॅपला तो घसरायच्या आधी हात सैल करायला लागला. घाटात गाडी चालवणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

म्हणून दुकानात "जास्त न्यूटन मीटर म्हणजे जास्त रिअल" असं सांगून डायरेक्ट ड्राइव्ह (गिअरशिवाय थेट मोटरवर बसवलेलं व्हील) गळ्यात मारतात ना, तेव्हा मला राग येतो. ५ किंवा ८ न्यूटन मीटरचं व्हील चांगलंच आहे, पण मनगट पिळायला नको. जड वळणावरही वर जागा शिल्लक राहते, त्याचे पैसे आहेत ते. तेही गेममधून कोंबून भरलंत तर क्लिप होणारच.

तपासायचं कसं? असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये, गेमच्या आतलंच पेडल्स ॲप उघडा. त्यात फोर्स फीडबॅकची राखाडी पट्टी दिसते. ती भरून लाल झाली की क्लिपिंग. सगळ्यात वेगवान लांब वळण घ्या आणि पट्टी लाल होत असेल तर नमपॅडच्या वजा बटणाने गेन उतरवा. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर) क्षणभर लाल झाली तर सोडून द्या. अख्खं वळणभर लाल राहिली तर नाही चालणार. आणि हे गाडीगणिक बदलतं, दुसऱ्याचा आकडा उचलू नका!

गेन उतरवल्यावर गिअरवाल्या व्हीलमध्ये बारीक जोर गिअरच्या घर्षणातच जिरतात, सरळ रस्त्यावर व्हील मेल्यासारखं वाटतं. तिथे मिनिमम फोर्स (अगदी बारीक जोरही हाताला जाणवेल इतका करणारी सेटिंग) थोडाथोडा वाढवा. मधोमध धरलेलं व्हील डावी-उजवीकडे स्वतःहून थडथडायला लागलं की एक पायरी मागे या.

कमेंटमध्ये व्हील, गेम आणि गाडी, तिन्ही लिहा. नुसतं "सेटिंग सांगा" लिहिलंत तर खरंच सांगता येत नाही हो.