बोटाखालची लांब ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

हे भाषण मी वाचून दाखवत आहे, पण माझ्यासमोर कागद नाही. सिव्हिल लाईन्समधल्या आकाशवाणीच्या या कक्षात टेबलावर एका जाड वहीएवढे यंत्र ठेवलेले आहे, त्याच्या पुढच्या कडेला ३२ ब्रेल अक्षरांची एक ओळ आहे, आणि त्या ओळीवरून माझे बोट जसजसे सरकते तसतसे शब्द आपल्यापर्यंत येत आहेत. या यंत्राला ब्रेल नोटटेकर म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी ते माझ्या घरी आले. त्याआधीचे, १८ अक्षरांच्या ओळीचे यंत्र मी अकरा वर्षे वापरले. नभोवाणीवरून उत्पादकांची नावे घेणे उचित नसल्यामुळे ती मी सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते १८ अक्षरांवरून ३२ अक्षरांवर आल्याने मराठी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाचे काय होते, ते.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि नागपुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे मीही लिहायला शिकले ते ब्रेल पाटी आणि स्टायलस नावाच्या टोचणीवर. ज्यांनी ती पाटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवायचा आणि वरच्या पट्टीतल्या चौकटींतून एकेक टिंब टोचत जायचे. टोचलेले टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उठते, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटे लिहावे लागते. कागद काढून पालथा केला की मग ते डावीकडून उजवीकडे वाचता येते. म्हणजे लिहिणाऱ्याला, तो लिहीत असताना, आपण काय लिहिले हे वाचता येत नाही. चूक झाली तर टिंब नखाने दाबून बसवायचे आणि पुढे जायचे. वाक्याचा क्रम बदलावासा वाटला तर सगळे पान पुन्हा लिहायचे. पुढे महाविद्यालयात असताना पर्किन्सचे ब्रेल टंकलेखन यंत्र वापरायला मिळाले. त्यावर सुलटे लिहिता येते आणि लिहिलेले लगेच चाचपता येते, पण त्याचे वजन पाच किलोच्या आसपास आणि आवाज असा की वाचनालयात ते कोणी उघडू देत नसे.

लुई ब्रेलने आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सहा टिंबे, त्यांच्या ६३ आकृत्या, आणि एवढ्यात जगातल्या भाषा मावतात. आपल्या देशात १९५१ पासून भारती ब्रेल आहे. भारतीय भाषांतले समान उच्चाराचे अक्षर त्यात एकाच आकृतीने लिहिले जाते, त्यामुळे मराठीतला क आणि तमिळमधला क बोटाला सारखाच लागतो. ही रचना करणाऱ्यांनी आपल्यावर फार मोठे उपकार केले आहेत, असे मला मनापासून वाटते.

नोटटेकरमध्ये हीच टिंबे विजेवर वरखाली होतात. प्रत्येक अक्षराच्या घराला सेल म्हणतात. एका सेलमध्ये आठ बारीक पिना असतात. सहा ब्रेलच्या आणि खालच्या दोन मुख्यतः आपण मजकुरात कोठे आहोत हे दाखवण्यासाठी. प्रत्येक पिनेखाली एका विशिष्ट स्फटिकाची पातळ पट्टी असते. तिला विद्युतदाब दिला की ती किंचित वाकते आणि पीन वर उचलली जाते. माझ्या जुन्या यंत्रात अशा १४४ पिना होत्या, नव्यात २५६ आहेत, आणि त्यांतली प्रत्येक स्वतंत्रपणे हलली पाहिजे. नव्या यंत्राची किंमत काही लाख रुपये का, याचे उत्तर बरेचसे या पिनांत आहे. बाकीचे सारे, म्हणजे स्मृती, बॅटरी, वायफाय, आज साध्या मोबाईलमध्येही असते.

जुने यंत्र बदलावे लागले ते एका पिनेमुळे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चौदाव्या सेलमधले तिसरे टिंब वर येईनासे झाले. एक टिंब गेले तर काय बिघडते, असे डोळस माणसाला वाटू शकेल, म्हणून उदाहरण देते. म हे अक्षर पहिले, तिसरे आणि चौथे टिंब मिळून होते. त्यातले तिसरे गेले की पहिले आणि चौथे उरते, आणि तो च असतो. त्यामुळे ओळीत नेमका चौदाव्या जागी म आला की ‘मूल’ची ‘चूल’ व्हायची आणि ‘काम’ची ‘काच’. ल हा पहिल्या तीन टिंबांचा. तिसरे गेले की त्याचा ब व्हायचा आणि ‘लाल’चे ‘बाल’ वाचले जायचे. यातला प्रत्येक शब्द मराठीत अर्थपूर्ण असल्यामुळे बोटाला चूक कळत नसे, ती वाक्याच्या अर्थावरून ओळखावी लागे. सुटा भाग मागवला तेव्हा तो आता बनत नाही असे उत्तर आले. वर्गात कविता वाचून दाखवताना चौदाव्या अक्षरापाशी मनात एक क्षण थांबण्याची सवय मला त्या दोन वर्षांत लागली.

आता नव्या यंत्राविषयी. खोके उघडून मी पहिल्यांदा ओळीवर बोट ठेवले तेव्हा टिंबांचा ठसठशीतपणा जाणवला. जुन्याच्या पिना इतक्या वर्षांत माझ्याच बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते. पण खरा फरक आहे तो लांबीचा. इंग्रजी ब्रेलमध्ये पुष्कळ शब्दांना संक्षेप आहेत. ‘नॉलेज’ हा एवढा मोठा शब्द एका अक्षरात लिहिला जातो. मराठीत आपण रोजच्या वापरात प्रत्येक अक्षर, मात्रा आणि जोडाक्षर पूर्ण लिहितो, आणि जोडाक्षरात हलन्ताचे टिंब वेगळे सेल घेते. शिवाय मराठी आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडते. ‘विद्यार्थ्यांना’ या एका शब्दाला पंधरा सेल लागतात. जुन्या ओळीत तो आला की उरलेल्या जागेत पुढचा शब्द मावत नसे, आणि ओळभर मला केवळ ‘विद्यार्थ्यांना’ एवढेच मिळे. त्यांना काय, हे कळण्यासाठी कळ दाबून पुढच्या ओळीवर जावे लागे. आता त्याच ओळीत ‘विद्यार्थ्यांना पुस्तक द्यावे’ असे सलग वाचता येते. दोन्ही कर्मे आणि क्रियापद एका स्पर्शात मिळाले की वाक्य हे वाक्य म्हणून समजते. पहिल्या संध्याकाळी मी केवळ या सुखासाठी तुकोबांचे अभंग वाचत बसले. अभंगाचा लहान चरण एका ओळीत पुरा येत होता आणि यमक बोटाला ओळीच्या शेवटी लागत होते. जुन्या यंत्रावर ते कुठेही मध्येच लागायचे.

लिहिण्यातला फरक याहून मोठा आहे. प्रत्येक सेलच्या वर एक बारीक बटण आहे. ते दाबले की लिहिण्याची जागा नेमकी त्या अक्षरावर येते. जुन्या यंत्रातही ती बटणे होती, पण १८ अक्षरांच्या खिडकीतून दुरुस्ती करताना वाक्याचा आरंभ कायम नजरेआड, म्हणजे बोटाआड, असे. आता विशेषण उचलून नामाच्या जवळ आणावे, दोन वाक्ये जोडावीत, जोडलेली पुन्हा तोडावीत, हे मी लिहिता लिहिता करते. या भाषणाचा दुसरा परिच्छेद मी चार वेळा बदलला आहे. पाटीवर शिकलेल्या माणसाला चार वेळा बदलणे ही किती मोठी मोकळीक आहे, हे मी शब्दांत पुरेसे सांगू शकत नाही.

आपल्यापैकी कोणी विचारील की मोबाईल आणि संगणक आता सगळे वाचून दाखवतात, मग ब्रेल हवेच कशाला? मीही स्क्रीन रीडर रोज वापरते आणि त्याच्याशिवाय माझे काम चालणार नाही. पण ऐकणे आणि वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. यंत्राच्या आवाजात या जोड्या मला वेगळ्या ऐकू येत नाहीत. ब्रेलमध्ये ऱ्हस्व वेलांटी दुसऱ्या आणि चौथ्या टिंबाची, दीर्घ वेलांटी तिसऱ्या आणि पाचव्या टिंबाची. बोटाला त्यांत संशय उरत नाही. गेली काही वर्षे जुन्या यंत्राच्या अडचणीमुळे मी अधिकाधिक कानाने लिहू लागले होते. नव्या यंत्रावर माझी जुनी टिपणे उघडली तेव्हा शिक्षक दिनाच्या भाषणात ‘दिन’ दीर्घ लिहिलेला सापडला. मराठीच्या शिक्षिकेला ते पाहून दुःख होणे साहजिक होते, आणि ते झाले. ज्या दृष्टिहीन मुलांना आज फक्त ऐकून शिकवले जाते, त्यांना शुद्धलेखन कोठून कळणार, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आवाजाची दुसरीही एक मर्यादा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च आपण वेगळे उच्चारतो, माझ्या यंत्राचा आवाज ते दोन्ही सारखेच उच्चारतो.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. पहिल्या दिवशी मी मराठी धडा उघडला तेव्हा बोटाखाली निरर्थक टिंबांची रांग आली, कारण यंत्र कारखान्यातून इंग्रजी ब्रेलवर लावलेले होते. मराठी ब्रेलचा पर्याय निवडींच्या इतक्या आत होता की तो सापडायला अर्धा दिवस गेला. मराठी मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारे नियम उपलब्ध आहेत. लुई ब्रेलच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या लिबलुई या मुक्त आज्ञावलीत मराठीचा तक्ता आहे आणि एनव्हीडीएसारखा विनामूल्य स्क्रीन रीडरही तीच वापरतो. मग ज्या यंत्राचा ग्राहक भारतात आहे, त्याने सुरू होताच ‘भाषा कोणती’ एवढे विचारायला काय हरकत आहे? कळांचा क्रमही बदलला आहे. जुन्यावर जी जोडी मजकूर जतन करी, ती नव्यावर शोध उघडते. अकरा वर्षांची हाताची सवय तीन आठवड्यांत जात नाही, आणि एकदा दीड पान लिहिलेले मी त्यात गमावले.

पुस्तकांचा प्रश्न यंत्राने सुटत नाही, हेही सांगायला हवे. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करायला परवानगी देणारा माराकेश करार २०१३ साली झाला आणि २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाईन ग्रंथालय सुरू झाले. तेथून पुस्तक उतरवून घेऊन या यंत्रावर वाचता येते, आणि कागदी ब्रेलमध्ये ज्या कादंबरीचे चार-पाच जाडजूड खंड झाले असते ती माझ्या पिशवीत मावते. परंतु जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन करून केलेले मजकूर जोडाक्षरांत फार अशुद्ध निघतात. पूर्वी ती अशुद्धता आवाजात विरून जायची. आता ती टिंबाटिंबाने बोटाला टोचते. महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकेक पुस्तक मुळाशी ताडून शुद्ध केले, तर त्याचा लाभ महाराष्ट्रभरच्या वाचकांना होईल. माझ्या वर्गातल्या सात जणांनी या महिन्यात तसे काम सुरू केले आहे.

नागपूरच्या हवेविषयी थोडेसे. सध्या थंडीचे दिवस आहेत आणि पहाटे बोटे गारठतात. गारठलेल्या बोटाला टिंब कळते पण उशिरा कळते, म्हणून सकाळी वाचायच्या आधी मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसते. घरात संत्री आहेत, आणि संत्र्याच्या सालीचा तेलकट, चिकट अंश बोटाला राहिला तर तो पिनांच्या फटींत जातो. म्हणून संत्रे सोलल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हा नियम मी घरच्या लहान मुलांनाही शिकवला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाईल तेव्हा यंत्र बंद गाडीत विसरून चालणार नाही, आणि कुलरसमोर बसून वाचताना घामेजलेले बोट वारंवार पुसावे लागेल, हे जुन्या यंत्राने मला शिकवलेलेच आहे.

जुने यंत्र मी बारावीत शिकणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला दिले. तो कामठीहून येतो. मागच्या रविवारी तो घरी आला तेव्हा मी त्याला कळा समजावून सांगितल्या, एक गोष्ट उघडून दिली, आणि चौदाव्या सेलविषयी सांगणार एवढ्यात तो वाचू लागला. दुसऱ्याच परिच्छेदात तो थांबला, बोट एकदा मागे नेले, आणि म्हणाला, “मॅडम, इथे काच लिहिले आहे, पण ते काम असायला पाहिजे ना?” त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्या टिंबाविना कोणती अक्षरे कशी दिसतील याची यादी केली: म, ल, स, क. ती यादी त्याने त्याच यंत्रावर लिहून घेतली. येत्या रविवारी तो पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा आम्ही नव्या यंत्रावर मराठी ब्रेलचा तो आत दडलेला पर्याय कसा शोधायचा, याची पायरीपायरीने सूचना लिहून काढणार आहोत, म्हणजे नंतर येणाऱ्या कोणाचा अर्धा दिवस जाणार नाही.

नमस्कार.